परतणे आणि आवरणे : ध्रुवपदाच्या कार्याविषयी

इंग्रजीत ‘रिफ्रेन’ असा एक शब्द आहे. क्रियापद म्हणून योजला तर त्याचा अर्थ होतो स्वतःला आवरणे, एखाद्या कृतीपासून परावृत्त राहणे. नाम म्हणून योजला तर त्याचा अर्थ होतो गीताचे ध्रुवपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर फिरून येणारी ओळ. शब्दकोशाच्या एकाच पानावर शेजारी बसलेले हे दोन अर्थ पाहून ते एकाच मुळातून फुटले असावेत, असे विद्यार्थ्याला साहजिकच वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. क्रियापदाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘फ्रेनुम’ हा शब्द आहे. फ्रेनुम म्हणजे घोड्याचा लगाम, आणि ‘रेफ्रेनारे’ म्हणजे लगाम खेचून मागे धरणे. नामाच्या मुळाशी ‘रेफ्रिंगेरे’ हा धातू असून त्याचा अर्थ मोडणे, मागे फिरवून तोडणे असा आहे. गीताचा ओघ मध्येच मोडणाऱ्या ओळीला या दुसऱ्या धातूवरून जुन्या फ्रेंचमध्ये नाव पडले आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आले. फ्रेंचमध्ये हे दोन शब्द आजही निराळे लिहिले आणि उच्चारले जातात. स्पॅनिशमध्ये ध्रुवपदाच्या कुळातलाच ‘रेफ्रान’ हा शब्द म्हणीला लावतात. इंग्रजीत मात्र रूपे झिजत गेली आणि लगाम व मोड यांचा एकच शब्द होऊन बसला.

व्युत्पत्तीतून काव्यशास्त्र काढण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचे धोकेही आपण पाहिले आहेत. उच्चारसाम्य हा पुरावा नव्हे. परंतु योगायोगाने एखादा प्रश्न समोर आणून ठेवला, तर केवळ तो योगायोग आहे म्हणून प्रश्न टाकून देण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे : परत परत म्हटली जाणारी ओळ आणि स्वतःला आवरणे यांचा कवितेच्या रचनेत काही संबंध आहे काय? सकृद्दर्शनी उत्तर नकारार्थी येते. ज्याला आवर घालता येत नाही तोच तेच ते बोलतो, असा व्यवहारातला अनुभव आहे. मराठीत तर ध्रुवपदाला ‘पालुपद’ असाही शब्द आहे आणि बोलण्यात तो बहुधा नापसंतीनेच येतो. एखाद्याने आपले पालुपद सुरू केले असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या असंयमाकडेच बोट दाखवीत असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. कवितेत ध्रुवपदाचे मुख्य कार्य आवरण्याचे असते. आणि जेथे हे कार्य सुटते तेथे ध्रुवपदाचे पालुपद होते.

भारतीय भाषांनी या फिरून येणाऱ्या ओळीला दिलेली नावे एकत्र ठेवून पाहिली, तर या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. मराठीतील ‘ध्रुवपद’ आणि बंगालीतील ‘धुया’ या शब्दांच्या मुळाशी ‘ध्रुव’ म्हणजे अढळ ही कल्पना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात प्रबंधाचे उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग असे भाग सांगितले आहेत. यांपैकी मेलापक आणि आभोग वगळता येतात. ध्रुव वगळता येत नाही, म्हणूनच तो ध्रुव. येथे ध्रुव हा गीताचा एक खंड आहे, आजच्या अर्थाने एक ओळ नव्हे. पण बाकीचे येवो-जावो, हा भाग राहिलाच पाहिजे, ही जाणीव तीच आहे. त्याआधीच्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तील चोवीस प्रबंधही ध्रुवपदाभोवतीच बांधलेले आहेत. असमिया आणि ओडिया भाषांत हीच ओळ ‘घोषा’ होते. तेथे भर आहे तो समुदायाच्या आवाजावर. कर्नाटक संगीतात ती ‘पल्लवी’ होते. अनुपल्लवी आणि चरण झाल्यावर गायक तिच्याकडे परततो, आणि त्यागराजांच्या कृतींत ‘संगती’च्या योगाने तीच ओळ दर वेळी थोडी निराळी उमलते.

हिंदी आणि गुजराती भाषांतला ‘टेक’ हा शब्द आपल्या विषयाच्या आणखी जवळ येतो. टेक म्हणजे आधार, ज्यावर भार टेकवायचा ती वस्तू. त्याचबरोबर टेक म्हणजे निश्चय, घेतलेले व्रत. टेक पाळणारा माणूस म्हणजे स्वतःवर बंधन घालून घेतलेला माणूस. येथे गीताची ओळ आणि संयम एका शब्दात नांदतात, आणि इंग्रजीतल्याप्रमाणे ते अपघाताने एकत्र आलेले नाहीत. फार्सी-उर्दू परंपरेतील ‘रदीफ’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ एकाच घोड्यावर मागे बसलेला स्वार असा आहे. गझलेच्या प्रत्येक शेरात काफिया पुढे असतो आणि रदीफ त्याच्या पाठीशी. माधव जूलियन आणि पुढे सुरेश भट यांच्यामुळे हा बंध मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला आहे. गझलेत शेवटचे शब्द आधीच ठरलेले असतात. कवी कल्पनेत कितीही दूर गेला तरी दोन ओळींत त्याला त्या शब्दांपाशी यावेच लागते, आणि तेथे येण्याची वेळ चुकविताही येत नाही. मागे बसलेला स्वार दिसत नाही, पण घोड्याच्या चालीवर त्याचे वजन असते.

या सगळ्या नावांत पंजाबीतले ‘रहाउ’ हे नाव सर्वांत बोलके आहे, आणि मराठी वाचकाचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ग्रंथातील बहुतेक शबदांत एका ओळीपाशी ‘रहाउ’ अशी खूण असते. ‘राहणे’ या आपल्या क्रियापदाच्या कुळातला हा शब्द आहे. राहा, थांब, असा त्याचा भाव भाष्यकार सांगतात. शबदाचा गाभा त्या ओळीत असतो असे मानतात, आणि कीर्तनात तीच ओळ स्थायी म्हणून पुनःपुन्हा घेतली जाते. म्हणजे जी ओळ सर्वांत जास्त वेळा म्हणायची तिचेच नाव ‘थांब’ असे आहे. इंग्रजीत दोन अनोळखी धातूंच्या अपघाती भेटीतून जे घडले, ते येथे समजून-उमजून केलेले आहे. ही खूण पुष्कळदा पहिल्या पदानंतर येते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. गाणारा निघतो, एक पाऊल टाकतो, आणि तेथेच त्याला थांबवून गीताचे केंद्र दाखविले जाते. तुकोबांच्या छापील गाथेत ‘ध्रु.’ ही खूण नेमकी याच ठिकाणी, पहिल्या चरणानंतरच्या कडव्याला लावलेली दिसते. दोन प्रांतांतील संतवाणीच्या लेखनपद्धतींत हे साम्य आहे, आणि त्याचा विचार आपल्या अभंगविषयक समीक्षेत जितका व्हावा तितका झालेला नाही.

मराठीत या ओळीसाठी जे क्रियापद वापरले जाते तेही असेच सूचक आहे. ध्रुपद ‘धरतात’. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकोबांनी आपला आरंभ सांगितला आहे. इतर लोक पुढे गात असत आणि आपण शुद्ध भावाने त्यांचे ध्रुपद धरीत असू, असे ते सांगतात. कवी होण्यापूर्वी ते ध्रुपद धरणारे होते. पुढच्याला पुढे जाऊ द्यायचे आणि आपण नेमून दिलेली ओळ सांभाळायची, ही एक प्रकारची स्वतःला आवरण्याची साधनाच होती. पोवाड्यात आणि तमाशात झीलकरी ‘झील धरतात’, तेथेही क्रियापद तेच. शाहीर कथा पुढे नेत असतो, प्रसंग ऐन भरात येतो, आणि त्याच क्षणी झीलकऱ्यांचा ‘जी जी’ उठतो. शाहिराला श्वास घ्यायला अवसर मिळतो, हा त्याचा व्यावहारिक उपयोग झाला. रचनेच्या दृष्टीने कथा तेथे रोखली जाते. पुढे काय झाले हे ऐकण्यासाठी आतुर झालेल्या श्रोत्याला आधी जे ऐकले त्यातच क्षणभर राहावे लागते.

ध्रुवपद असे नेमके काय काय आवरून धरते? पहिली गोष्ट कथनाची गती, हे पोवाड्याच्या उदाहरणात दिसले. दुसरी गोष्ट अर्थ. एडगर ॲलन पो याने १८४५ मध्ये ‘द रेव्हन’ ही कविता प्रसिद्ध केली आणि १८४६ च्या एका निबंधात तिच्या रचनेची चिकित्सा केली. ध्रुवपदाचा परिणाम सामान्यतः ध्वनी आणि आशय या दोन्हींच्या एकसुरीपणावर अवलंबून असतो. आपण ध्वनी तोच ठेवला आणि आशय मात्र दर वेळी पालटत नेला, असे त्याने सांगितले आहे. कविता लिहिताना त्याने खरोखरच इतका हिशेब केला होता काय, याविषयी समीक्षकांनी शंका घेतली आहे. पण निरीक्षण खोटे ठरत नाही. विचार न करणारा एक पक्षी एकच शब्द उच्चारतो. प्रश्न विचारणारा माणूस बदलत जातो आणि त्या शब्दाचा अर्थ त्याच्या दुःखाप्रमाणे गडद होत जातो. शब्द स्वतः काहीच सांगत नाही, आणि त्याने काही न सांगणे हीच कवितेतील भयाची जागा आहे.

केशवसुतांची ‘झपूर्झा’ ही याच दृष्टीने पुन्हा वाचावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील या कवितेत कडव्यांच्या शेवटी फिरून येणारा शब्द कोणत्याही कोशात सापडण्याजोगा नव्हता. मुलींच्या खेळातील बोलांशी त्याचे नाते जोडले जाते. तो अनुभवाचे नाव आहे की त्या अनुभवातील उद्गार आहे, हे पहिल्या कडव्यात कळत नाही. कडवी वाढतात तसतसे त्या निरर्थक वाटणाऱ्या ध्वनीभोवती अर्थाचे वलय जमत जाते. आणि तरीही शेवटपर्यंत कवी त्या शब्दाची व्याख्या करीत नाही. कवितेचा विषय जर सामान्य ज्ञानाच्या पलीकडची अवस्था असेल, तर तिचे वर्णन करण्याचा मोह आवरणे हीच त्या विषयाशी प्रामाणिक राहण्याची रीत होय. केशवसुतांनी आवरण्याचे हे काम ध्रुवपदाकडे सोपविले. त्या जागी एखादे स्पष्टीकरणात्मक वाक्य बसविले असते, तर कविता उपदेशपर झाली असती.

तिसरी गोष्ट म्हणजे भावना, आणि येथे आवरण्याची कसोटी सर्वांत कठीण होते. एलिझाबेथ बिशप या अमेरिकन कवयित्रीची ‘वन आर्ट’ ही १९७६ मधील कविता त्याचे उत्तम उदाहरण आहे. ती ‘व्हिलानेल’ या बंधात आहे. या बंधाच्या एकोणीस ओळींत पहिल्या कडव्यातील दोन ओळी आलटून पालटून ध्रुवपदे म्हणून येतात आणि अखेरीस एकत्र होतात. कवितेचा विषय गमावणे हा आहे. गमावणे ही शिकता येण्याजोगी कला आहे आणि ती फारशी अवघड नाही, असे पहिले ध्रुवपद सांगते. प्रथम किल्ल्या हरवतात, एखादा तास वाया जातो. मग ठिकाणे, नावे, आईचे घड्याळ, घरे, शहरे, नद्या, एक खंड. आणि शेवटी एक प्रिय व्यक्ती. यादी वाढत जाते तशी पहिल्या ध्रुवपदातील निश्चिंती अधिकाधिक अविश्वसनीय होते, पण ती ओळ येतच राहते. दुसऱ्या ध्रुवपदातील शब्द कवयित्री जवळजवळ प्रत्येक वेळी बदलते. संकट या अर्थाचा अखेरचा शब्द तेवढा कायम ठेवते. शेवटच्या ओळीत, तो शब्द उच्चारण्याच्या क्षणी, ती थबकते आणि कंसात स्वतःलाच लिहिण्याची आज्ञा देते. बंधाने शब्द आधीच ठरवून टाकलेला आहे, तो टाळता येत नाही, आणि म्हणूनच तो उच्चारताना किती बळ लागले हे वाचकाला कळते.

या कवितेचे सतरा खर्डे उपलब्ध आहेत. पहिला खर्डा बंधमुक्त, पसरट आणि बराच उघडा आहे. हरवलेल्या वस्तूंविषयी आणि माणसाविषयी तो मोकळेपणाने बोलतो. पुढच्या खर्ड्यांत ध्रुवपदाची जुळणी होत गेली तसतसा आक्रोश आत गेला. दुःख कमी झाले असे नव्हे. त्याला दर तीन ओळींनी एका ठरलेल्या दारातून जावे लागले, आणि त्या जाण्यात ते घट्ट झाले. लगामाची प्रतिमा येथे अगदी यथार्थ ठरते. लगाम असतो तो धावू शकणाऱ्या घोड्याला.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ध्रुवपद भावना आवरते असे म्हणावे, तर भजनात त्याच ओळीवर लय चढते आणि टाळकरी देहभान विसरतात, ते कशामुळे? मोर्चातली घोषणा हीही फिरून येणारी ओळच आहे, आणि ती कोणाला आवरीत नाही, उलट चेतविते. याचे उत्तर असे की, ध्रुवपद एकटे असताना ध्रुवपद नसते. ज्यापासून परतायचे असे काही मध्ये असेल, तरच परतण्याला अर्थ येतो. घोषणेला कडवे नसते. म्हणून तिच्यात परतणे नाही, केवळ पुनरुच्चार आहे. नामाचा गजर हा स्वतंत्र आणि पूर्ण असा प्रकार आहे. त्याचे प्रयोजनच निराळे, म्हणून त्याला ध्रुवपदाची कसोटी लावू नये. अभंगात मात्र ध्रुवपदावर कितीही रंग भरला तरी पुढचा चरण येतो आणि गाणाऱ्याला अर्थाकडे वळवितो. आवरण्याचे काम दोन्ही बाजूंनी चालते. ध्रुवपद चरणाला दूर जाऊ देत नाही आणि चरण ध्रुवपदाला निव्वळ नादात विरू देत नाही.

यावरून ध्रुवपद आणि पालुपद यांत समीक्षेच्या सोयीसाठी एक भेद करता येईल. रूढ मराठीत हे दोन शब्द समानार्थीच आहेत, हे मान्य करूनच ही सूचना आहे. एखाद्या गीताची कडवी उलटसुलट लावून पाहावीत. तसे केल्याने फिरून येणाऱ्या ओळीच्या अर्थात काहीही फरक पडत नसेल, तर ती ओळ पालुपद आहे. ती चाल सांभाळते, कविता नव्हे. ‘वन आर्ट’मधील हरवलेल्या वस्तूंचा क्रम बदलता येत नाही, कारण किल्ल्यांनंतर येणारी तीच ओळ आणि खंडानंतर येणारी तीच ओळ यांत एक आयुष्य गेलेले असते. भावगीतांच्या बहराच्या काळात लिहिल्या गेलेल्या मराठी गीतांपैकी पुष्कळ या कसोटीला उतरणार नाहीत. गझलेला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल. तिचे शेर स्वभावतःच स्वतंत्र असतात, म्हणून रदीफेची परीक्षा प्रत्येक शेराच्या आत करावी लागते. तो शेर त्या शब्दांपाशी येऊन पोचला की त्याला ते शब्द नुसते चिकटविले आहेत, एवढेच तेथे पाहायचे.

हा विचार केवळ परिभाषेचा नाही. आज अभंग आणि पदे बहुतेक विद्यार्थी पुस्तकातून, मूकपणे वाचतात. पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापलेले असते. पुढे त्याची आठवण देणारी खूणही पुष्कळदा नसते. जागेची काटकसर म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा होतो की, चार-पाच कडव्यांचा अभंग सरळ रेषेत जाणाऱ्या युक्तिवादासारखा वाचला जातो. पहिले विधान, दुसरे विधान, शेवटी कवीची नाममुद्रा आणि निष्कर्ष. गाण्यात मात्र प्रत्येक चरण त्याच एका ओळीपाशी येऊन थांबतो, तिला उत्तर देतो, कधी तिच्याशी भांडतो. नाममुद्रेनंतरही अखेरचा शब्द कवीचा नसतो. ध्रुवपद पुन्हा येते आणि तो ध्रुवपदाचा होतो. छापील पानावर ज्याला आपण शेवट समजतो तो गीताचा शेवट नव्हेच.

भाषांतरात हे नुकसान आणखी वाढते. दुसऱ्या भाषेत जाताना ‘ध्रु.’ हे चिन्ह पुष्कळदा गळते आणि ध्रुवपद म्हणजे केवळ दुसरे कडवे होऊन बसते. परभाषिक वाचकाला ते कडवे सुंदर वाटेल. ते केंद्र आहे हे त्याला कळणार नाही. पुनरुक्ती कंटाळवाणी होईल या भीतीने भाषांतरकार ती गाळतो. परंतु ती गाळताना तो कवितेचा संयमच गाळत असतो, आणि मग तीच कविता परभाषेत अधिक भाबडी, अधिक उघडी दिसू लागते. संतकवींविषयी अन्य भाषांत जी ‘भोळ्या उद्गारां’ची प्रतिमा रूढ झाली आहे, तिला हेही एक कारण असावे. ज्यांच्या रचनेत दर दोन ओळींनी थांबण्याची शिस्त होती, त्यांना आपण अनावर ठरविले. भारतीय भाषांनी परस्परांना वाचावे या हेतूने जी संकलने निघतात, त्यांच्या संपादकांनी निदान ही खूण जपावी, आणि ती कशी वाचायची हे प्रस्तावनेत एका वाक्यात सांगावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यांनाही एक साधा प्रयोग सुचविता येईल. कोणताही एक अभंग घ्यावा, प्रत्येक चरणानंतर त्याचे ध्रुवपद पूर्ण लिहून काढावे आणि तो मोठ्याने वाचावा. पहिल्या एक-दोन वेळा ओळ नुसती परत आल्यासारखी वाटेल. तिसऱ्या वेळेपासून ती कशाला तरी अडविते आहे असे जाणवू लागेल. ती कशाला अडविते, कथेला, अर्थाला की रडण्याला, हे शोधून काढले म्हणजे त्या अभंगाचे निम्मे वाचन झाले.